उतार

अब्रेहेतच्या बोटांना दोन वास येतात,
वरून साबण, नखांच्या आतून ग्रीस.
माझ्या पोराची विजार उसवली
की मी तिच्याच दारात जाते,
आणि ती गाडीखालून नुसता हात बाहेर काढून म्हणते,
"ठेव तिथं, स्टेपनीवर. पण टाचणी लावून ठेव,
नाहीतर चिंधी समजून पुसेन काहीतरी."

गेझा बांदातल्या आमच्या सामाईक अंगणात
बारा वर्षं उभी आहे ती:
फियाट सहाशे, शेवाळी रंगाची,
इंजिन पाठीशी,
पाठुंगळीला मूल बांधून निघालेल्या बाईसारखी.
कुणा इटालियन दंतवैद्याची होती म्हणे.
तो गेला. त्याची खुर्ची न्हाव्याने नेली,
गाडी कुणीच नेली नाही.
अब्रेहेतने घेतली, चार शेळ्यांच्या पैशात,
आणि नवऱ्याला सांगितलं, तीन.

कुठं शिकलीस हे, मी एकदा विचारलं.
ती सुईत दोरा ओवत होती, चष्मा कपाळावर.
"डोंगरात.
दिवसा विमानं यायची, म्हणून रात्री.
कंदिलावर फडकं टाकून ट्रक उघडायचे मी.
अठरा वर्षांची होते.
अंधारात नट सापडला की जिभेला लावायचा,
पितळ आणि लोखंड वेगळं लागतं."
दोरा सुईत गेला.
तो विषय तिने तिथेच गाठ मारून तोडला,
दातांनी.

शिवण नंतरची, घरी परतल्यावरची.
सासूचं नेक्की पायमशीन,
त्याचा पट्टा तुटला
तर तिने जुना फॅनबेल्ट उभा चिरून बसवला.
आणि पाण्याच्या पंपाचं गॅस्केट
बुटांच्या खोक्यातून कातरलं,
आधी वहीच्या कागदावर बेतून,
झग्याचा गळा बेततात तसं.
खडू तोच, कात्री तीच.
पॉइंटमधली फट मोजायला नवऱ्याचं दाढीचं पातं.
वोल्देआब मग आठवडाभर अर्धवट दाढीने हिंडतो.

सगळं जमतं असं नाही.
माझ्या निळ्या झग्याची डावी बाही
तिने उजवीकडे लावली.
मी अजून तोच घालते,
हात वर केला की
कुणीतरी काखेत हलकेच धरल्यासारखं वाटतं.

परवा रविवारी, चर्चची घंटा व्हायच्या आत,
गाडी चालू झाली.
आधी खोकली, मग एका लयीत बोलू लागली,
अंगणातल्या कोंबड्या भिंतीवर.
अब्रेहेतने एक्झॉस्टपाशी तळहात धरला,
तापलेल्या पोराच्या कपाळावर धरावा तसा.
नऊ मिनिटं. मग बाटलीतलं पेट्रोल संपलं,
आणि या महिन्याची कुपनं आधीच संपलेली.

कुणी काही बोललं नाही.
तिने रस्त्याकडे पाहिलं. रस्ता पोस्टापर्यंत उताराचा.
"फिलमोन, नात्नाएल, या इकडं. ढकला."

मी पुढे, मांडीवर गरम हिंबाशा.
मागे वोल्देआब, टोपी दोन्ही हातांनी धरून,
जशी काही टोपीच गाडी चालवतेय.
बसायला नवी कव्हरं, जुन्या तंबूच्या कापडाची,
दुहेरी टीप, कडेला लाल गोट.
त्या कापडावर भोकं होती, तिने ती रफू केली नव्हती,
भोवती फुलांच्या पाकळ्या काढल्या होत्या.

इंजिन गप्प.
फक्त टायरांची सळसळ, खिडकीतून वारा,
माडांच्या सावल्या तिच्या पांढऱ्या नेत्सेलावरून पळणाऱ्या,
आणि कोपऱ्यावरच्या बारमधून
कप हातात घेऊनच बाहेर आलेली माणसं.
ती हसत नव्हती. ओठ घट्ट मिटून ऐकत होती.

मग पोस्टापासून सगळ्यांनी वर ढकललं,
तासभर. बारमधल्या दोघांनीही.
अब्रेहेत मागच्या चाकाशी वाकून,
एक खांदा गाडीला, एक कान.
"डावं बेअरिंग," धापा टाकत म्हणाली,
"उद्या उघडते."

अंगणात विजार तशीच होती, स्टेपनीवर,
टाचणी लावलेली,
आणि गुडघ्याशी काळ्या तेलाचं
एक अख्खं बोट.